आठाचा तीन

चार दिवस उधन्याला लेकीकडे राहून आलो
तर रिक्षावाला घर ओलांडून पुढे गेला
आणि मीही त्याला थांबवलं नाही.
आपलं घर असं नव्हतंच.

रस्त्याकडची अख्खी भिंत निळी,
तिच्यावर म्हशीएवढी पिवळी अक्षरं:
जय मनुमाता बोअरवेल. प्रो. सुकलाल उखा.
एकदा खोदा, नातवंडं पितील.
खाली दहा आकडे, इंग्रजीत,
एकेक माझ्या कमरेएवढा.

पारोळ्यात हे नवं नाही.
डीपीच्या खांबावर मूळव्याध,
स्टँडच्या निंबाला चार खिळ्यांनी ठोकलेली सेमी इंग्लिश,
स्मशानाच्या कंपाउंडवर सोफासेट, हप्त्याने.
(तिथे बसणार कोण, देव जाणे.)
पण तो सगळा गाव. ही माझी भिंत.

नंबर समोरच होता. लावला.
“मावशी, फुकटमा रंगाडी दिन्ही ना भिंत,
दोन डबा गयात मन्हा!”
हे ऐकून हसले. म्हणाले, पोपडे तरी झाकले.

पोपडे झाकले, खरंय.
पण कोळशाच्या तीन दांड्याही गेल्या,
गल्लीतल्या पोरांच्या.
दोन दिवस पोरं बॅट घेऊन नुसती उभी.
तिसऱ्या दिवशी फरीदने फैसला दिला:
शेवटच्या आठाला बॉल लागला की आऊट.
वर मनुमातेला लागला तर नो बॉल,
आणि पाया पडायचं.

बॉल गटारीत जायचा, ओला निघायचा, तसाच यायचा.
कढीला फोडणी देताना, धप्प.
जरा डोळा लागला की, धप्प.
अखजीचे झोके बांधेपर्यंत
आठाची डावी बाजू पार गेली.
मुद्दाम कुणी केलं नाही.
गोलू स्पिन टाकतो आणि त्याचा बॉल
एकाच अंगाला वळतो, एवढंच.

मग सुकलाल स्वतः आला, मागे पेंटर, पेंटरच्या मांडीवर डबा.
“तुम्हनी भिंतनी धंदा बसाडा मन्हा.”
फोन जातात म्हणे शिंदखेड्याकडच्या कुठल्याशा बाईला,
आणि ती राँग नंबर म्हणत नाही, तीच बोंब.
विचारते, किती फूट जाणार?
नारळ हातात धरून शेतात कोण फिरलं?
घरात बाईमाणसाला विचारलं का?
आणि मग सांगते, खंदू नका, भो.

पेंटरने डबा उघडला.
म्हटलं, थांबा. आठ करायला परवानगी लागेल.
“कोन्ही?”
हा प्रश्न त्याने दिवाळीआधी विचारायला हवा होता.
चहा दिला, बिस्किटं दिली,
म्हटलं, विचारून सांगते.

रात्री बॅटरी मारून भिंतीवरचा नंबर वाचला
आणि लावला, तिनाचा.
“हां, बोला. पाणी पाहिजे ना?”
साठीचा आवाज, दमलेला नव्हता.
“नको,” म्हटलं. “मी भिंतवाली.”
ती हसली, खोकेपर्यंत हसली.
मग म्हणे, “तुम्हनाकडे नळ कव्हय येस?”
“आठव्या दिवशी.”
“आमनाकडे बाराव्या.”
थोडा वेळ आम्ही दोघी गप्प,
मध्ये तिच्याकडचं कुत्रं भुंकलं.
मग तिने सांगितलं, अंगणात तीन बोअर आहेत, तिन्ही कोरडे.
शेवटचा सातशे फूट.
“फुफाटा निंघना नुसता.”
एकावर परात पालथी घातलीय, वर दगड.
नातू त्यावर ड्रम वाजवतो.

पेंटर अजून अधूनमधून सायकल हळू करतो,
माझ्याकडे बघतो, मी नाही म्हणते.
पोरं आता म्हणतात, तिनाला लागला की आऊट.
गोलू रोज टाकतो.
तिनाचं खालचं पोट पुसट होत चाललंय,
सात उरेल की काहीच नाही,
आणि सात उरला तर तो कोणाच्या घरी वाजेल,
ती बाई असेल की बुवा,
काय सांगेल लोकांना...
कढी उतू गेली बघा.